गोदामाची हिफाजत : कुलपाबरोबर वाटेचाही विचार व्हावा

गोदामाला कुलपे किती आणि कोणती लावावीत, हा प्रश्न आमचे व्यापारी बांधव नेहमी विचारतात. रात्री आत झोपणारा माणूस चावीशिवाय बाहेर कसा येईल, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

1998 साली आमचे गोदाम एका अरुंद गल्लीत होते. शटरचा कडी-कोयंडा तोडण्याचा प्रयत्न वर्षभरात दोनदा झाला, म्हणून हमालीला असलेल्या एका तरुणाला आम्ही आत झोपवू लागलो. शटरला बाहेरून कुलूप लावायचे आणि चावी घरी न्यायची. त्याला यात काही वावगे वाटले नाही, आम्हालाही नाही. एका रात्री मीटरच्या फळीवर ठिणगी उडाली आणि खाली रचलेल्या ताग्यांनी पेट घेतला. समोरच्या चहावाल्याने शटर बडवल्याचा आवाज ऐकला, पहार आणून कुलूप तोडले, तेव्हा तो पोरगा शटरच्या फटीला तोंड लावून पडला होता. वाचला. माल थोडाच गेला. आम्ही चावी घेऊन पोहोचलो तेव्हा सारे आटोपले होते.

सर्वांचेच नसीब असे नसते. दिल्लीच्या अनाज मंडी भागात 8 डिसेंबर 2019 च्या पहाटे एका इमारतीतील कारखान्यांना आग लागली. कामगार आतच झोपलेले होते, खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या. 43 जण गेले, बहुतेक धुराने गुदमरून. आपल्या सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात 18 मे 2025 च्या पहाटे आग लागली, त्यात 8 जण दगावले. मालक, त्यांच्या घरची माणसे, एक तान्हे मूल आणि कामगार. ही मंडळी कारखान्याच्या आवारातच राहत होती. मालेगाव असो, भिवंडी असो, खाली लूम आणि वर घर ही आपल्याकडची रीतच आहे, त्यामुळे या बातम्या दूरच्या समजून सोडून देता येत नाहीत.

आता हिफाजतीचा हिशेब पाहू. कुलूप चोराला अडवीत नाही, त्याला फक्त उशीर लावते. तो उशीर कामाचा तेव्हाच, जेव्हा तेवढ्या वेळात कोणाला तरी कळते आणि कोणी तरी धावून येते. भारी किमतीचे कुलूप आणि सुनसान गल्ली, हा सौदा तोट्याचा. म्हणून इंतजाम बाहेरून आत करीत यावा. आधी गल्लीत उजेड, मग शटर, मग छप्पर आणि खिडक्या, शेवटी आतली गल्ल्याची खोली. शटर चोर बहुधा मधोमध कटावणी घालून उचकटतो, दोन्ही टोकांची कुलुपे तशीच राहतात. त्यासाठी मध्ये सेंट्रल लॉक पाहिजेच. छपराकडे तर आपले लक्षच नसते. आमच्या एका स्नेह्याने समोर तीन कुलुपे लावली आणि चोर मागचा पत्रा सरकवून उतरले. पत्र्याखाली आतून लोखंडी जाळी बसवून घ्यावी.

पण आत माणूस झोपत असेल तर बाहेरून कुलूप मुळीच नको. ज्या दाराने तो निघणार त्याला आतून कडी असावी, अंधारात हाताला सापडेल अशी, चावी न लागणारी. शटरखेरीज दुसरी वाट हवी. धूर पुढून आला तर मागून निघता आले पाहिजे. खिडकीचे गज काढा असे आम्ही म्हणत नाही, चोराला आमंत्रण कशाला? एका खिडकीची जाळी बिजागरीवर बसवून आतून खिट्टी लावावी, म्हणजे बाहेरून बंद आणि आतून खुली. लोहाराचे हे एका दिवसाचे काम आहे. वर घर असेल तर त्याचा जिना लूमच्या खोलीतून नको, बाहेरून हवा. जिन्यात गाठी रचून ठेवण्याची खोड तर सर्वांनाच आहे, आमच्याही घरात होती.

सर्वात चांगला उपाय म्हणजे आत कोणाला झोपवूच नये. चार-पाच दुकानदारांनी मिळून बाहेर फिरणारा एक राखणदार ठेवावा. खर्च वाटला जातो आणि माणूस मोकळ्या हवेत राहतो.

विजेचे काम स्वस्तात उरकू नये. मोटारींवर, ट्यूबलाइटवर बसलेली रुई दर आठवड्याला झाडावी. मीटरखाली आणि दिव्याला टेकून माल नको. मेन स्विच दाराजवळ असावा आणि रात्री बंद व्हावा. कॅमेऱ्याची लाइन मात्र वेगळी घ्यावी, नाहीतर मेन बंद केला की कॅमेराही झोपतो. डीव्हीआर गल्ल्याशेजारी ठेवू नये, चोर तो डबाच घेऊन जातात. कापडाच्या आगीला पाणी चालते, विजेच्या आगीला नाही. दाराजवळ एबीसी पावडरचे सिलिंडर टांगावे, आणि ते कसे चालवायचे हे मालकाइतकेच पोऱ्यालाही माहीत असावे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, तो ज्या इमारतींना लागू आहे तेथे, मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचे प्रमाणपत्र घ्यावयाचे असते. आपल्याकडे हा कागद नोटीस आल्यावरच आठवतो.

विम्याचा मसला ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावा. घेतला असेल तर रक्कम खरी लिहावी. माल वीस लाखांचा आणि विमा दहा लाखांचा, अशा वेळी चार लाख जळाले तर हाती साधारण दोन लाखच येतात. घरफोडीच्या विम्यातही बळाने आत शिरल्याची खूण दिसावी लागते. चावीने उघडून नेलेला माल साधारणतः त्यात बसत नाही.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी आपण अर्धा तास काढावा. आधी गोदामाभोवती बाहेरून, चोर फिरेल तसे फिरून पाहावे. मग आत जाऊन दिवे बंद करावेत, मागच्या कोपऱ्यात रात्रीचा माणूस झोपतो तेथे बसावे, आणि तेथून दाराची कडी हाताला लागेपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळात पाहावे. आम्ही पहिल्यांदा हे केले तेव्हा दोन वेळा गाठींना अडखळून पडलो.