फोन न उचलणारी कंपनी आणि चाकणचं वीजबिल

तंत्रज्ञान कंपनीचे शे-दोनशे शेअर घेतलेल्या माणसाची एक ठरलेली तक्रार असते: कंपनी उत्तरच देत नाही. संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठी दिलेला क्रमांक वाजत राहतो, ईमेलला ‘आपला संदेश मिळाला’ एवढी यांत्रिक पोच येते, आणि कंपनी सचिवांच्या कार्यालयात कुणी भेटलंच तर ‘जे सांगायचं ते शेअर बाजाराला कळवलेलं आहे’ यापलीकडे गाडी सरकत नाही. या शांततेचा अर्थ मग आपापल्या स्वभावानुसार लावला जातो. धास्तावलेल्याला वाटतं, काहीतरी लपवलं जातंय. आशावादी म्हणतो, मोठी ऑर्डर येणार असेल, म्हणूनच सगळे गप्प आहेत. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, २०२४ अखेर ती अठरा कोटींच्या वर गेली, आणि गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला आहे. म्हणजे हे अर्थ लावणारे थोडेथोडके नाहीत. कर्मचाऱ्यांच्या बोलण्या-न बोलण्यावरून कंपनी जोखण्याची ही सवयच मुळात चुकीची आहे. दोन्ही बाजूंनी.

आधी गप्प बसण्याची बाजू. सेबीचे अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांना मनाई करणारे नियम २०१५चे आहेत. तिमाही निकाल, लाभांश, विलीनीकरण, भांडवलातले बदल यांसारखी भावावर परिणाम करू शकणारी माहिती जाहीर होण्याआधी वैध कामाशिवाय कुणालाही सांगायला त्यांत मनाई आहे. तिमाही संपली की निकालानंतरचे ४८ तास उलटेपर्यंत आतल्या मंडळींना शेअरचा व्यवहारही करता येत नाही. अशा वेळी ‘नवं सॉफ्टवेअर कधी येणार?’ किंवा ‘त्या मोठ्या ग्राहकाचं कंत्राट टिकलं का?’ या प्रश्नावर कर्मचारी गप्प राहतो तेव्हा तो बहुधा आपली नोकरी सांभाळत असतो, आणि ते योग्यच आहे. फोनवर मोकळेपणाने बोलणारा कर्मचारी भेटला तर उलट सावध व्हावं. त्याने सांगितलेलं खरं असेल आणि ते जाहीर झालेलं नसेल, तर ऐकणाराही या नियमांच्या भाषेत ‘आतला’ ठरतो. खोटं असेल तर काय, ते सांगायला नको.

आता बोलक्या कंपन्या. हैदराबादच्या ‘सत्यम’वर कुणी अबोलपणाचा आरोप केला नसता. अमेरिकेच्या बाजारातही तिची नोंदणी होती, विश्लेषकांसमोर व्यवस्थापन नियमित उभं राहत होतं, आणि सप्टेंबर २००८ मध्ये तिला उत्तम कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रातून कळलं ते असं: ताळेबंदात रोख व बँकशिल्लक म्हणून दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, आणि सप्टेंबर तिमाहीचा ६४९ कोटींचा म्हणून सांगितलेला कार्यकारी नफा प्रत्यक्षात ६१ कोटी होता. मात्र त्या पत्राच्या तीन आठवडे आधीच एका जाहीर निवेदनाने घात केला होता. १६ डिसेंबर २००८ला कंपनीने राजू कुटुंबाच्याच दोन ‘मायटास’ कंपन्या विकत घेण्याचा निर्णय कळवला. सॉफ्टवेअर कंपनी आपली शिल्लक मालकाच्या मुलांच्या बांधकाम व्यवसायात का ओतते आहे, हा प्रश्न पडायला कुणाला फोन करावा लागला नाही. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांत तो व्यवहार गुंडाळावा लागला.

‘जेनसोल इंजिनीअरिंग’चं प्रकरण ताजं आहे आणि त्याचा एक धागा पुणे जिल्ह्यात येतो. सौर प्रकल्प उभारणारी ही कंपनी विजेवर चालणाऱ्या मोटारींकडे वळली. तिच्या मोटारी ‘ब्लूस्मार्ट’ या ॲपवरच्या टॅक्सीसेवेत धावत. ही कंपनी तर बोलायची थांबतच नव्हती. २८ जानेवारी २०२५ला तिने शेअर बाजारांना कळवलं की तिच्या नव्या विजेच्या मोटारीसाठी ३०,००० गाड्यांची आगाऊ मागणी आली आहे. सेबीने कागद मागवले, तर हाती आले नऊ संस्थांबरोबरचे २९,००० गाड्यांचे सामंजस्य करार. त्यांत किंमत नव्हती, गाड्या कधी द्यायच्या ते नव्हतं. नुसती इच्छा व्यक्त केलेली होती. ९ एप्रिलला राष्ट्रीय शेअर बाजाराचा प्रतिनिधी चाकणच्या कारखान्यात गेला. तिथे दोन-तीन मजूर होते आणि उत्पादनाचा पत्ता नव्हता. त्याने वीजबिलं मागितली. मागच्या बारा महिन्यांतलं महावितरणचं सर्वांत मोठं बिल होतं डिसेंबर २०२४चं, १ लाख ५७ हजार ३७ रुपयांचं. मोटारी बनवणारा कारखाना एवढ्या विजेवर चालत नाही, हे समजायला अभियंता असावं लागत नाही. १५ एप्रिल २०२५च्या सेबीच्या अंतरिम आदेशात आणखी एक हिशेब आहे. ६,४०० गाड्यांसाठी ६६३.८९ कोटींचं कर्ज उचललं. प्रत्यक्षात ४,७०४ गाड्या ५६७.७३ कोटींना घेतल्या. कंपनीने स्वतः घालायचा वीस टक्के वाटा धरला तर २६२.१३ कोटींचा हिशेब लागत नाही. आदेश अंतरिम आहे आणि त्यातले निष्कर्ष प्राथमिक आहेत, हे लक्षात ठेवायलाच हवं. तरीही हे बिल आणि हे आकडे कंपनीच्या निवेदनांशेजारी ठेवले की पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

इथे कुणीही म्हणेल: ते वीजबिल बाजाराच्या अधिकाऱ्याला मिळालं, दोनशे शेअरवाल्याला कोण दाखवणार? आक्षेप खरा आहे. पण या प्रकरणातले सगळेच कागद बंद कपाटात नव्हते. ३०,००० गाड्यांच्या निवेदनात आकडा ठळक होता. ग्राहक कोण, पैसे किती आले, गाड्या कधी जाणार, हे त्यातून कळत नव्हतं, आणि ते वाचणाऱ्याला तिथेच दिसू शकत होतं. प्रवर्तकांचा हिस्सा मार्च २०२४ मध्ये साठ टक्क्यांहून अधिक होता, तो वर्षभरात ३५ टक्क्यांच्या आसपास आला. भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला बाजाराच्या संकेतस्थळावर येतो, गहाण शेअरही त्यात दिसतात. मार्च २०२५च्या पहिल्या आठवड्यात ‘केअर’ आणि ‘इक्रा’ या दोन पतमापन संस्थांनी कंपनीची पत थेट ‘डी’वर, म्हणजे थकबाकीदाराच्या पायरीवर आणली, तीही जाहीरपणे. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: लबाड कंपनी कागदही खोटेच करते, मग कागद वाचून काय साधणार? जेनसोलने पतमापन संस्थांना दिलेली कर्जदात्यांची पत्रं आपण दिलीच नव्हती, असं त्या कर्जदात्यांनीच सांगितलं. मुद्दा तिथेच आहे. खोटा कागद पकडला गेला तो दुसऱ्या कुणाच्या तरी कागदामुळे. महावितरणचं बिल कंपनीला लिहिता येत नाही. म्हणून ज्या नोंदी कंपनीबाहेरच्या कुणीतरी ठेवलेल्या आहेत, त्यांचं मोल कंपनीच्या कुठल्याही उत्तरापेक्षा जास्त.

अशा नोंदी वाटतात त्यापेक्षा सुलभ आहेत, आणि गंमत म्हणजे फोन न उचलणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ठावठिकाणाही त्यांतच लागतो. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव शोधलं की कोणत्या महिन्याचा भरणा कधी आणि किती कर्मचाऱ्यांसाठी झाला, ते दिसतं. हा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. कंत्राटी माणसं यात येतातच असं नाही, म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर विसंबू नये. पण तारखा सारख्या पुढे सरकत असतील आणि डोकी कमी होत असतील, तर ‘आमची टीम वाढते आहे’ या वाक्याचं काय करायचं ते ठरवता येतं. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार कंपन्यांना वार्षिक अहवालासोबत शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, त्यात वर्षभरात किती टक्के कर्मचारी सोडून गेले हेही असतं. वैधानिक देणी थकली का, कर्जफेड चुकली का, हे लेखापरीक्षकाला अहवालाच्या जोडपत्रात लिहावंच लागतं. कंपनीच्या मालमत्तेवर कुणाचा बोजा आहे ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून पाहता येतं. निकालानंतर विश्लेषकांबरोबर होणाऱ्या बैठकीचं शब्दांकन पाच कामकाजाच्या दिवसांत संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. ते वाचताना उत्तरांपेक्षा कोणता प्रश्न चुकवला गेला याकडे लक्ष द्यावं. मागच्या तीन-चार तिमाहींची शब्दांकनं शेजारी ठेवली की मोठ्या थाटात जाहीर झालेलं एखादं उत्पादन हळूच गायब झालेलं आढळतं. सर्वसाधारण सभेत तर एक शेअर असलेल्यालाही हजर राहण्याचा हक्क आहे. सभांची इतिवृत्तं भागधारकाला विनामूल्य पाहता येतात. या सक्तीच्या ठिकाणी कंपनी गप्प राहिली, निकाल लांबवले, लेखापरीक्षक मुदतीआधीच गेला आणि कारण मोघम दिलं, तर ती शांतता मात्र नक्कीच बोलकी आहे. फोन न उचलण्याशी तिची गल्लत करू नये.

एवढी खटपट कशाला, सरळ म्युच्युअल फंडात पैसे टाका, हा सल्ला बऱ्याच जणांसाठी शहाणपणाचा आहे. मात्र ‘मोठ्यांनी पाहिलंय ना’ या भरवशावर कुणी तो देत असेल तर पटत नाही. जेनसोलला कर्ज देणाऱ्या ‘इरेडा’ आणि ‘पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्था होत्या, त्यांच्याकडे छाननीची माणसंही होती. सेबीकडे या कंपनीबद्दल तक्रार आली जून २०२४ मध्ये, आदेश निघाला एप्रिल २०२५ मध्ये, आणि तोवर तिचे भागधारक एक लाखाहून अधिक झाले होते.

याचा अर्थ कंपन्यांना मोकळं सोडावं असा नाही. भावाशी संबंध नसलेले साधे प्रश्न, वार्षिक अहवालातल्या एखाद्या टिपेचा अर्थ, जाहीर झालेल्याच आकड्याचं स्पष्टीकरण, यांना उत्तर द्यायला कोणताही नियम आड येत नाही. तिथे आळस किंवा तुच्छता याखेरीज कारण सापडत नाही. ‘स्कोअर्स’ या सेबीच्या तक्रार-यंत्रणेत लाभांश मिळाला नाही, शेअर नावावर झाले नाहीत अशा तक्रारींना वाट आहे आणि कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण ‘मी प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही’ ही तिथे तक्रारच ठरत नाही. दर तिमाहीला कंपन्या बाजाराला जो तक्रारींचा तक्ता देतात, त्यात म्हणूनच शून्य लिहिणं सोपं जातं. मोठ्या गुंतवणूकदारांबरोबरच्या समूह बैठकीचं वेळापत्रक दोन कामकाजाचे दिवस आधी जाहीर करावं लागतं, आणि निकालानंतरच्या बैठकांतली प्रश्नोत्तरं सर्वांपुढे येतात. छोट्या भागधारकांचे लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरं तशीच तिमाहीतून एकदा संकेतस्थळावर टाकायला लावता येतील. प्रश्नांचा पूर येईल, निम्मे प्रश्न ‘भाव कधी वाढणार’ असेच असतील, असं कंपन्या म्हणतील, आणि ते खरंही असेल. ते निम्मे वगळायला एक कर्मचारी पुरतो.