भरतीच्या गणितातून संगणकाचा खेळ

मुले तासन् तास मोबाइलवर खेळत बसतात, ही तक्रार मांडव्यातही आहे आणि ती खरीही आहे. पण मुलांना एकदा विचारून पाहा, "असा खेळ तुम्हीच केलात तर?" विकतचा तांदूळ शिजवून खाणे आणि भात लावून पिकवणे यांत जेवढे अंतर, तेवढेच खेळ खेळणे आणि खेळ तयार करणे यांत आहे.

त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी 'स्क्रॅच' हे साधन फुकट खुले केले. त्यात रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडून संगणकाला हुकूम द्यायचे असतात. त्यावर हात बसला की 'गोडो' घ्यावे. अर्जेंटिनातील दोघांनी उभारलेले हे साधन २०१४ पासून सर्वांना मोफत आहे. घरी संगणक नसेल, तर शाळेत आठवड्याला दोन तास मिळाले तरी सुरुवात होते.

पहिला खेळ कोणता करावा? पुष्कळ मुले लढाईचा मोठा खेळ मनात धरतात आणि पंधरवड्यात सोडून देतात. त्यापेक्षा आपल्या खारबांधाचा करावा. पडद्यावर एक बांध, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताचे शेत. खेकडे बांधाला बिळे पाडतात. भरतीचे पाणी पोचण्याआधी बिळात चिखल भरायचा. बीळ बुजले की एक गुण. तीन बिळे राहिली की बांधाला खांड पडली, शेतात खारे पाणी शिरले आणि खेळ संपला.

संगणकाला मात्र 'पाणी चढते' एवढे सांगून भागत नाही. 'पाणी' नावाचा एक आकडा ठेवावा. सुरुवातीला तो शून्य. दर सेकंदाला त्यात एक मिळवावा. बिळाची उंची ५० असेल आणि पाण्याचा आकडा ५० झाला, तर ते बीळ हातचे गेले. असे पाच-सहा नियम जुळले की खेळ उभा राहतो.

येथेच आजोबांची गरज लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा जुन्या माणसांचा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. हा नियम जसाच्या तसा संगणकाला देता येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून त्या दिवशी पाणी अधिक उंच चढवावे. आज मांडव्याच्या कित्येक जमिनींवर बंगले उभे आहेत आणि बांध घालणारे हात थकले आहेत. नातवंडांनी विचारले नाही, तर हे गणित आजोबांबरोबरच जाईल.

खेळ झाला की तो धाकट्या भावंडाच्या हाती द्यावा आणि काही न सांगता शेजारी बसावे. ते जेथे अडेल, तेथे चूक खेळाची समजावी. ती जागा टिपून घ्यावी व दुरुस्त करावी.

अमेरिकेतील एरिक बॅरोन याने शेतीवरचाच 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ एकट्याने केला. संगणकाचे शिक्षण त्याने घेतले होते, पण चित्रे काढणे तो करता करता शिकला. सुमारे साडेचार वर्षे खपला आणि मधल्या काळात पोटासाठी नाट्यगृहात अर्धवेळ कामही केले. २०१६ साली आलेल्या त्या खेळाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पण असे यश एखाद्यालाच मिळते. यावर घर चालेल असे धरू नये, आणि दहावी-बारावीचा अभ्यास आधी. छंद म्हणून मात्र हे शिकणे वाया जात नाही, कारण नेमका विचार करण्याची सवय लागते.

तेव्हा येत्या अष्टमीला संध्याकाळी मुलांना घेऊन किनाऱ्यावर जा. भरती सहाला भरते का, ते सर्वांनी मिळून पाहा. घरी आल्यावर तो आकडा मुलांना आपल्या हाताने संगणकात घालू द्या.