प्रजनक माशांचे सुरक्षित स्थलांतर

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले. तत्पूर्वी मत्स्यबीजासाठी मुख्यत्वे नद्यांवरच अवलंबून राहावे लागत असे. या शोधामुळे कटला, रोहू व मृगळ यांचे बीज तळ्याकाठी तयार करणे शक्य झाले. साहजिकच, ज्यांच्यापासून हे बीज मिळते त्या प्रजनक नर-माद्यांची जोपासना हे मत्स्यशेतीचे महत्त्वाचे अंग बनले.

प्रजनक मासा तयार होण्यास दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मादीच्या दर किलो वजनामागे साधारणतः एक लाख वा त्याहून अधिक अंडी मिळतात. पावसाळ्यापूर्वी नर व मादी निरनिराळ्या तळ्यांत ठेवण्यासाठी अथवा बीज केंद्रावर नेण्यासाठी हे मोठे मासे पकडून हलवावे लागतात. अशा वेळी हलगर्जीपणा झाल्यास वर्षानुवर्षांचे श्रम एका सकाळीच वाया जातात.

नुकसान कसे होते?

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे रोगापासून रक्षण करणारे कवच होय. कोरडे हात, खरखरीत जाळे किंवा जमिनीवरील आपटणे यांमुळे हा थर निघतो, खवले सुटतात आणि त्या जागी पुढे कापसासारखी पांढरी बुरशी वाढते. दुसरे असे की, जाळ्यात फार वेळ धडपडलेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साचून तो थकतो. मोठा मासा लहानापेक्षा अधिक जोराने झुंजतो व स्वतःच्या वजनानेच अधिक दुखावतो. म्हणून नव्या तळ्यात सोडताना पोहत गेलेला मासाही दोन-तीन दिवसांनी मरून तरंगू लागतो. त्याचा दोष पुष्कळदा नव्या पाण्यास दिला जातो. खरे कारण मात्र पकडण्याच्या रीतीत असते.

पूर्वतयारी

मासे हलविण्यापूर्वी किमान एक दिवस खाद्य बंद ठेवावे. पोट रिकामे असल्यास वाहतुकीच्या पाण्यात विष्ठा व अमोनिया कमी साचतो आणि माशास प्राणवायूही कमी लागतो. शुद्ध पाण्यात २० अंश सेल्सिअस तापमानास दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमच राहतो. यासाठी काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी उरकावे. मात्र पहाटे तळ्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेत असतील, तर त्या दिवशी जाळे ओढू नये.

पकडण्याची रीत

तळ्याचे पाणी शक्य तितके कमी करून घ्यावे. जाळे बारीक आसाचे, मऊ व गाठी नसलेले असावे. आस मोठे असल्यास कल्ले अडकून इजा होते. रोहू व कटला जाळ्यावरून उडी मारतात, तर मृगळ तळाशी राहणारा असल्याने खालच्या दोरीखालून निसटतो. म्हणून जाळ्याची वरची दोरी उंच धरावी व खालची तळास टेकलेली ठेवावी. ओढण्याची गती संथ असावी. मासे एका कोपऱ्यात आल्यावर जाळे पाण्याबाहेर काढू नये. त्यांना पाण्यातच घेरून ठेवून एकेक मासा उचलावा.

उचलण्यासाठी मऊ कापडाची झोळी उत्तम. ती पाण्यात बुडवून माशाच्या खाली सरकवावी व दोघांनी दोन टोके धरून उचलावी. हाताने धरणे भाग पडल्यास हात आधी ओले करावेत, एक हात पोटाखाली व दुसरा शेपटीच्या बुंध्याशी ठेवावा आणि डोळ्यांवर ओला पंचा टाकावा. अंधारात मासा शांत राहतो. शेपटीने लोंबकळत किंवा कल्ल्यांत बोटे घालून मासा कधीही उचलू नये. अंडी भरलेल्या मादीचे पोट दाबले जाणार नाही, याची विशेष दक्षता घ्यावी.

वाहतूक

टाकीत तळ्याचेच स्वच्छ पाणी भरावे. अंतर थोडे असून हवा देण्याची सोय असल्यास एक किलो माशामागे किमान दहा लिटर पाणी असावे. सोय नसल्यास मासे याहून विरळ ठेवावेत. दर लिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम खडेमीठ विरघळविल्यास थकलेल्या माशाच्या शरीरातील क्षार कमी प्रमाणात बाहेर पडतात. टाकीवर ओले गोणपाट किंवा जाळी बांधावी, म्हणजे उन्हाचा ताप कमी होतो व मासा उडी मारून बाहेर पडत नाही.

नव्या पाण्यात सोडणे

दोन्ही पाण्यांच्या तापमानात दोन-तीन अंशांपेक्षा अधिक फरक असल्यास मासे एकदम सोडू नयेत. नव्या तळ्याचे पाणी टाकीत थोडे थोडे मिसळत अर्धा तास जाऊ द्यावा. विंधन विहिरीच्या ताज्या पाण्यात प्राणवायू बहुधा अल्प असतो. असे पाणी उंचावरून फवाऱ्याने पाडून आधीच भरून ठेवावे. शेवटी झोळी पाण्यात उतरवावी व मासा आपणहून बाहेर पडू द्यावा. वरून फेकू नये.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. नंतर थोड्या प्रमाणात सुरू करावे. पुढील आठवडाभर दररोज सकाळी काठाने फिरून सुस्त, एकटे पडलेले किंवा बुरशी लागलेले मासे दिसतात काय, हे पाहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हलविलेल्या माशांची संख्या व पुढे मेलेल्यांची संख्या यांची नोंद शेतकऱ्यांकडून करवून घ्यावी. मासे तळ्यात सोडले म्हणजे काम संपले, असे नव्हे. आठवड्यानंतर किती मासे निरोगी आहेत, यावरच स्थलांतराचे यश मोजावे.