अंगठ्याची किंमत किती? कामावरचे अपघात, भरपाई आणि खरी बचत



४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. आपण फळ्यावर सुविचार लिहितो, हेल्मेटबद्दल दोन शब्द सांगतो आणि दिवस संपतो. पण आपल्या वर्गातली कितीतरी मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात, काही थेट एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये लागतात. कुणाचे वडील आजही प्रेस मशीनवर उभे असतात. म्हणून आज एक प्रश्न घेऊ. कामावर अपघात झाला तर खर्च कोण भरतो आणि तो कमी कसा करायचा?

१) भरपाईचं गणित

आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. त्यातलं मुख्य सूत्र असं की अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, तर मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. भरपाई देणं ही मालकाची जबाबदारी.

रक्कम कशी काढतात ते उदाहरणाने पाहू. छोट्या वर्कशॉपमधला एक कामगार घ्या. वय ३०, महिन्याचं वेतन १५,००० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. ३० व्या वर्षासाठी तो २०७.९८ आहे.

९,००० × २०७.९८ = १८,७१,८२० रुपये.

आता प्रेसमध्ये त्याचा अंगठा गेला असं समजा. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावणं म्हणजे कमाईची ३० टक्के क्षमता जाणं असं धरलं आहे. म्हणून १८,७१,८२० च्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा.

आकडा मोठा वाटतो ना? पण त्याच्यापुढे अजून तीस वर्षांचं काम आहे. पाना धरताना, शर्टाचं बटण लावताना रोज तो अंगठा आठवणार आहे.

२) न दिसणारा खर्च

मालक म्हणेल, "विमा काढलाय, कंपनी देईल." किंवा "आमचे कामगार ईएसआयमध्ये आहेत." ईएसआयमध्ये मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो आणि भरपाई महामंडळ देतं. पण मशीन बंद पडतं, ऑर्डर रखडते, नव्या माणसाला शिकवावं लागतं, बाकीचे कामगार धास्तावतात. याचा विमा कुणी देत नाही. दावे वाढले तर विम्याचा हप्ताही वाढू शकतो.

३) खर्च कमी करण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग सुरक्षिततेचा. "नीट लक्ष दे रे" एवढं सांगणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. माणसाचं लक्ष कधी ना कधी उडतंच. म्हणून प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं बसवतात. दोन्ही हात बटणांवर असतील तरच प्रेस खाली येते, मग बोट डायखाली जाणार कसं? फिरणाऱ्या पट्ट्यावर जाळी हवी, दुरुस्तीच्या आधी वीज बंद करून कुलूप हवं. आणि थोडक्यात वाचलेला प्रसंगही वहीत लिहायला हवा. तो पुढच्या अपघाताची सूचना असतो.

दुसरा मार्ग उपचारांच्या नियोजनाचा. अपघातानंतर धावपळ करत दवाखाना शोधायचा नसतो. जवळचं योग्य रुग्णालय कोणतं, गाडी कुठली, कागदपत्रं कोण पाहणार हे आधी ठरलेलं हवं. एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. पुढे फिजिओथेरपी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी हलकं काम, असं टप्प्याटप्प्याने माणूस कामावर परततो. ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, त्यामुळे घर चालतं.

तिसरा मार्ग कामगाराच्या आरोग्याचा. चष्म्याचा नंबर वाढलाय पण तपासणी नाही, सलग दोन पाळ्या झाल्यात, उन्हाळ्यात पाणी कमी पडतंय, साखर वाढलीय हे माहीतच नाही. अशा माणसाच्या हातून चूक लवकर होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली आणि १८९० साली ती मिळाली. विश्रांती ही चैन नाही हे तेव्हाच कळलं होतं. मात्र आरोग्य शिबिर घेतलं म्हणून मशीनची जाळी काढून चालत नाही.

४) ही बचत नव्हे

काही ठिकाणी "शून्य अपघात" हा फलक टिकावा म्हणून अपघाताची नोंदच करत नाहीत. जखमीला चार पैसे देऊन गप्प बसवतात. पुढे हात कायमचा अधू झाला, तर कामावरच दुखापत झाली हे दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो. आणि ज्या मशीनने एकाचं बोट घेतलं, ते तसंच दुसऱ्याची वाट पाहत उभं राहतं. खर्च कमी दिसला, पण तो मालकाच्या खिशातून निघून कामगाराच्या घरी गेला. म्हणून पालकहो, दुखापत झाली की त्याच दिवशी नोंद करायला सांगा. डॉक्टरांचे कागद आणि हजेरीचा पुरावा जपून ठेवा.

५) वर्गात काय करता येईल?

शेकडेवारी शिकवताना वरचं उदाहरण द्या. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मग रक्कम किती? (उत्तर : सुमारे २,६२,०५५ रुपये.) नंतर मुलांना एक काम सांगा. अंगठा न लावता पाच ओळी लिहायच्या आणि बुटाची नाडी बांधायची. मग विचारा, "ही रक्कम पुरेशी वाटते का?"

मुलं काय उत्तर देतील याचा अंदाज तुम्हालाही आहेच. हाच मुलगा उद्या वर्कशॉपमध्ये जाळी नसलेल्या मशीनसमोर उभा राहील, तेव्हा "आधी जाळी बसवा, मग काम करतो" असं म्हणायचं धाडस त्याला आपल्या वर्गातून मिळालेलं असावं.