रमविना रंगलेला पेला

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला लागतो आणि आमच्या आष्टीत थंडीची चाहूल लागते. विदर्भाचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्याचे नाव काढताच मुंबई-पुण्याची पाहुणेमंडळी कानाला हात लावतात. विदर्भाची थंडी मात्र त्यांच्या गावी नसते. पौषात कधीकधी पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, संत्र्यांच्या बागांवरून येणारा वारा कानशिले बधिर करतो, अंगणाअंगणांतून शेकोट्या पेटतात आणि दिवेलागणीला घरोघरी एकच मागणी सुरू होते, "काहीतरी गरम करा हो!"

आता हे 'काहीतरी गरम' म्हणजे काय, याचे उत्तर पिढीगणिक बदलत आले आहे. आईच्या लहानपणी ते सुंठ-गुळाचे पाणी होते, आमच्या लहानपणी आल्याचा चहा झाले, आणि आमच्या मुलांच्या राज्यात त्या सिंहासनावर चॉकलेट येऊन बसले आहे. दाट, काळपट, चमच्याला चिकटून राहणारे गरम चॉकलेट! मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांच्या व्युत्पत्ती शोधाव्यात की दूध ढवळत बसावे, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवती अधूनमधून विचारतात. पण घरात हे पेय करण्याचे काम माझ्याकडे आले आहे खरे, आणि ते मी आनंदाने करतो.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा भाचा चार दिवस राहायला आला होता. त्याने पेला तोंडाला लावला, मान डोलावली आणि म्हणाला, "मामा, फक्कड झालंय. यात दोन चमचे रम पडली ना, की मग बघा! परदेशात थंडीच्या दिवसांत असंच पितात."

मी काही बोलण्याआधीच माजघरातून आईचा आवाज आला, "काहून रे बाप्पा, दुधात दारू घालतेत काय कोणी?"

भाचा हसला. त्याचे म्हणणे काही खोटे नव्हते. युरोप-अमेरिकेत गरम चॉकलेटमध्ये रम, ब्रँडी किंवा संत्र्याच्या वासाचे मद्य घालण्याची रीत आहे. आपल्याकडेही पंचविशी ओलांडलेल्या, परवाना काढलेल्या माणसाला पुण्यात तसे करायला कायद्याची आडकाठी नाही. पण आष्टी पडली वर्धा जिल्ह्यात. गांधीजी आणि विनोबा ज्या भूमीत राहिले, त्या या जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. पुढे १९९३ साली गडचिरोलीत बंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. वर्ध्याची मात्र अजून टिकून आहे.

टिकून आहे म्हणजे कशी, तेही सांगायला हवे. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. तिकडे परवान्याची दुकाने आहेत, इकडे बंदी. नदीला काही कुंपण घालता येत नाही. शिवाय मोहाची हातभट्टी आहेच. पोलीस धाडी घालतात, सडवा ओततात, भट्ट्या फोडतात, आणि काही दिवसांनी दुसऱ्या ओढ्याकाठी धूर दिसू लागतो. बंदीने दारू संपली असे येथील कोणीही शपथेवर सांगणार नाही. पण बंदी उठवा असे म्हणणाऱ्यांनी एकदा गावातल्या बायकांचे ऐकावे. दारूविरुद्ध ओरड करायला कायद्याचा आधार आहे, एवढाही दिलासा त्यांना लहान वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी मी वर्गाला 'आमच्या घरची संध्याकाळ' हा निबंधाचा विषय दिला होता. बहुतेकांनी तुळशीपुढचा दिवा आणि परतणारी गुरे रंगवली. एका मुलीने लिहिले होते की, संध्याकाळी आम्ही सगळे फाटकाच्या कडीचा आवाज ऐकत असतो. कडी नीट उघडली तर बाबा शुद्धीवर आहेत आणि ती तीन-चारदा खडखडली तर धाकट्या भावाला शेजारी नेऊन ठेवायचे. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्यांवर लाल रेघ ओढायला माझा हात उठला नाही. रमच्या दोन चमच्यांचा विषय निघाला तेव्हा मला ती कडी आठवली. ज्याच्या घरात अशी कडी वाजत नाही, त्याला ते दोन चमचे ही मौज वाटते. जिच्या घरात ती वाजते, तिच्यासमोर तो पेला धरायचा कसा?

पण नुसता उपदेश करून पाहुण्याचा रसभंग करणे हा काही माझा हेतू नव्हता. म्हणून मी भाच्याला विचारले, "रम घालून नेमके काय मिळते ते सांग. तेवढे मी तुला रमविना करून देतो." त्याने विचार करून तीन गोष्टी सांगितल्या: वास, घशाला बसणारा झणका आणि अंगात येणारी ऊब.

प्रथम ऊबेचा निकाल लावू. दारूने अंग तापते हा समज जगभर आहे, आणि तो फसवा आहे. मद्य पोटात गेले की कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतले ऊन रक्त बाहेर येते, चेहरा लाल होतो, कातडीला गरम वाटते. पण ती उष्णता शरीराच्या गाभ्यातून आलेली असते आणि कातडीवाटे बाहेर निघून जाते. म्हणजे घरात चूल पेटवायची आणि सारी दारे-खिडक्या उघडी टाकायची, असा तो प्रकार आहे! उकळत्या पेल्यात मद्य उडून जाते हा समजही तसाच. ते पाण्याआधी, ७८ अंशांवर उकळते हे खरे. पण गरम पेयात नुसते ढवळले तर त्याचा बराच मोठा भाग पेल्यातच राहतो. तेव्हा 'नावापुरती घातली, ती उडून गेली' या समजुतीवर मुलांच्या हाती असा पेला देऊ नये.

राहिले वास आणि झणका. रम होते उसाच्या मळीपासून, म्हणजे ती गुळाच्याच कुळातली. त्या वासातला गोड, करपट, मातकट भाग आपल्याला काळपट गुळात मिळतो. झणक्यासाठी सुंठ आणि मिरी आहेत, आणि त्या दारूपेक्षा प्रामाणिक आहेत. संत्र्याच्या मद्याचा वास हवा असेल, तर खुद्द संत्री आमच्या दारात आहेत! आंबिया बहाराची फळे नेमकी हिवाळ्याच्या तोंडी उतरतात. परदेशी माणूस बाटली उघडून जो वास शोधतो, तो आम्ही झाडावरून तोडून आणतो.

आता थोडे कोकोच्या घराण्याविषयी. कोकोचे फळ फोडले की पांढऱ्या गरात बिया असतात. त्या काढून काही दिवस झाकून ठेवतात. त्या गरातील साखरेची आधी दारू होते, मग दारूचे आम्ल होते, आणि या उलाढालीतून बीमध्ये चॉकलेटच्या चवीची तयारी होते. वाळवून भाजल्यावर ती चव फुलते. म्हणजे प्रत्येक चांगली कोकोबी दारूची पायरी चढून पुढे आलेली असते.

आणि गंमत पाहा, हाच कोको पुढे दारूविरोधी चळवळीचे पेय झाला. इंग्लंडात १९व्या शतकात कारखान्यांतील मजूर आठवड्याची मजुरी गुत्त्यात उधळीत. बर्मिंगहॅममध्ये जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली चहा, कॉफी आणि पिण्याच्या चॉकलेटचे दुकान घातले. ते क्वेकर पंथाचे होते आणि दारू हे दारिद्र्याचे मूळ आहे असे मानणारे होते. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राऊंट्री ही कोकोची दुसरी दोन घराणीही क्वेकरच. कॅडबरी कुटुंबाने पुढे बोर्नव्हिल ही वसाहत वसविली, तीत दारूच्या गुत्त्याला जागा ठेवली नाही. माणसाच्या हातातला मद्याचा पेला काढून घ्यायचा, तर त्या हातात दुसरा गरम पेला द्यावा लागतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

त्याच इंग्लंडात १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी बॅरिस्टर होण्यासाठी पोहोचला. मद्य आणि मांस यांना शिवणार नाही, अशी शपथ आईपुढे घेऊन तो निघाला होता. खर्च कमी करण्यासाठी त्याने एका खोलीत बिऱ्हाड केले. सकाळी ओटची लापशी आणि कोको, रात्री पाव आणि कोको, असा त्याचा बेत असे. दुपारचे जेवण बाहेर. दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्स. हे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. लंडनच्या थंडीत आईला दिलेली शपथ सांभाळताना या कोकोच्या पेल्याने त्या मुलाला सोबत केली.

पुढे तेच गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि ते गाव सेवाग्राम झाले. ऑगस्ट १९४२मध्ये त्यांना पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध केले. त्यानंतर आठवडाभरातच, १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी आमच्या आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळीबारात येथील तरुण धारातीर्थी पडले. म्हणून हे गाव 'आष्टी शहीद' म्हणून ओळखले जाते. त्याच स्थानबद्धतेत गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि त्यात चहा, कॉफी व कोको यांना एकाच रांगेत बसवून शरीराला यांची गरज नाही असे सांगून टाकले! तेव्हा आमचा रमविना पेलाही बापूंच्या कसोटीला उतरला नसता, हे कबूल करतो. पण लंडनच्या खोलीतल्या त्या विद्यार्थ्याने मात्र तो नाकारला नसता.

असो. आता कृतीकडे वळू.

चार जणांसाठी दूध ५०० मिलिलीटर, बिनसाखरेची कोको पावडर २ मोठे चमचे, कडवट काळे चॉकलेट ५० ग्रॅम, काळपट गूळ ५० ते ६० ग्रॅम, मक्याचे पीठ, म्हणजे बाजारात मिळणारे कॉर्नफ्लोअर, २ लहान चमचे, सुंठपूड पाव लहान चमचा, दोन-तीन मिऱ्यांची पूड, जायफळ, एक संत्रे आणि चिमूटभर मीठ घ्यावे.

संत्रे सोलण्याआधीच कोमट पाण्याने चोळून धुवावे, कारण बागेत फवारणी झालेली असते. मग बारीक किसणीवर सालीचा नारिंगी भागच हलक्या हाताने किसावा. पांढरा भाग आला की कडूपणा आला. रस मात्र दुधात घालू नये, दूध फाटेल. तो करणाऱ्याने पिऊन टाकावा. गूळ अर्धा कप पाण्यात विरघळवून, एक उकळी आणून गाळून ठेवावा. कोको आणि मक्याचे पीठ चार चमचे थंड दुधात कालवून गुठळी राहणार नाही असे घोटावे. कोको एकदम गरम दुधात टाकला तर तो वर तरंगत बसतो.

उरलेले दूध सालीच्या किसासह तापवावे. उकळी येऊ लागली की गाळून पुन्हा मंद आचेवर ठेवावे आणि कालवलेला कोको ओतून तीन-चार मिनिटे सारखे ढवळावे. दाटपणा आला की चॉकलेटचे तुकडे, मीठ, सुंठ आणि मिरी घालावी. सारे एकजीव झाले की भांडे खाली उतरवावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि मगच गुळाचे पाणी थोडे थोडे घालावे. उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध नासण्याची भीती असते. हा धडा आपल्या आज्यांनी गुळाच्या खिरीत केव्हाच देऊन ठेवला आहे. शेवटी किसणीवर जायफळाचे दोन फेरे. जायफळ अधिक घालू नये, ते बाधते. मधुमेह असणाऱ्यांनी गूळही साखरच आहे हे विसरू नये.

आता फेसासाठी भांड्यात रई घालून दोन्ही तळहातांत भराभर फिरवावी. मेक्सिको हे चॉकलेटचे जुने घर. तेथेही चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी रईच असते आणि तीही अशीच तळहातांत फिरवतात. तेथे मक्याचे पीठ लावून दाट चॉकलेट करण्याचीही रीत आहे. तेव्हा आपल्या ताकाच्या रईने चॉकलेट घुसळताना कोणी हसले, तर त्याला हे खुशाल ऐकवावे.

हे पेय गरम असतानाच लहान पेल्यांतून द्यावे. दाट असल्यामुळे थोडे पुरते. आमच्या भाच्याने त्या चार दिवसांत रमचे नाव पुन्हा काढले नाही. जाताना सुंठ किती आणि मिरी किती, ते मात्र लिहून नेले.

रमचा पेला घरात आला की घराचे दोन भाग होतात. मुलांना आत पाठवावे लागते, म्हातारी माणसे तोंड फिरवतात, आणि कोणी किती घेतली यावर कोणाची तरी नजर राहते. या पेल्याला असली वाटणी करावी लागत नाही. आजी, नातू, सासुरवाशीण, पाहुणा, सगळ्यांनी एकाच पातेल्यातले घ्यावे, आणि तळाशी उरलेला दाट घोट कोणाचा यावरून काय तो तंटा व्हावा. एवढी ऊब पौषाच्या रात्रीला पुरते.