बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताय? एचपी सगळ्यात शेवटी विचारा

माझ्या पीएचडीचा विषय आहे उतारावर चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचं स्थैर्य. सोप्या भाषेत, ट्रॅक्टर कधी आणि का उलटतो. विषय सांगितला की कोकणातले ओळखीचे लोक ठरलेला प्रश्न विचारतात: "आमची चार-पाच एकर बाग आहे, थोडं रान आहे. किती एचपीचा घेऊ?"

प्रश्न साहजिक आहे. शोरूममध्येही बोलणं एचपीवरूनच सुरू होतं. पण आंबा, काजू, पोफळी, मधे ऐन-किंजळीचं रान, जांभ्याचे गडगे आणि चढ-उताराची पाणंद अशा जागेत एचपी बहुतेक वेळा अडत नाही. अडतं ते वजन, रुंदी आणि उंची. आज हे तिन्ही साध्या गणितातून बघू. आठवीचं गणित पुरेल.

आधी जागा मोजा

१५ ते ३० एचपीच्या गटात आपल्याकडे बरेच पर्याय आहेत. व्हीएसटी शक्ती, महिंद्रा जिवो, कुबोटा निओस्टार, स्वराज ७१७ ही त्यातली ओळखीची नावं. पण त्यांची पत्रकं चाळण्याआधी टेप घेऊन बागेत जा.

पोफळीत दोन झाडांत साधारण २.७ मीटर अंतर असतं. माडांत साडेसात मीटर. हापूसच्या जुन्या लागवडीत १० मीटर आणि घन लागवडीत ५ मीटर. पोफळीच्या ओळीतून एक-सव्वा मीटर रुंदीचा ट्रॅक्टर सरळ जाईल, पण ओळ संपल्यावर वळणार कुठे? वळणाची त्रिज्या दोन-अडीच मीटर धरली, तर पूर्ण वळायला चार-पाच मीटर मोकळी जागा लागते. ती नसेल तर प्रत्येक ओळीला मागे-पुढे करत बसावं लागतं आणि एखादी पोफळ सोलवटतेच.

तीन मापं लिहून घ्या: पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा, झाडांच्या सगळ्यात खालच्या फांद्यांची उंची आणि ओळींच्या टोकाला असलेली वळायची जागा. ही मापं हातात असली की निम्मे मॉडेल आपोआप बाद होतात.

चढ: इंजिन दमत नाही, चाकं फिरतात

एक हिशेब करू. चालकासह ट्रॅक्टर ९०० किलो. मागे भरलेली ट्रॉली, तीही ९०० किलो. एकूण १८०० किलो. चढ असा, की पाच मीटर चाललं की एक मीटर वर. कोकणात असा चढ म्हणजे नेहमीचीच गोष्ट.

उतारामुळे मागे ओढणारं बळ वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे ३६० किलो. चाकं मातीत रुततात त्याचा विरोध ५ टक्के धरला तर आणखी ९०. एकूण ४५० किलोचा ओढा लागेल. आता ताशी ३ किलोमीटरने जायचं तर किती शक्ती लागेल? साधारण ५ एचपी! गिअर आणि चाकांच्या घसरण्यात जाणारी शक्ती धरली तरी सात-आठच्या आत. म्हणजे १५ एचपीचं इंजिनही या कामाला निवांत पुरतं.

मग ट्रॅक्टर अडतो कशाने? पकडीने. जमिनीवरची पकड म्हणजे चालत्या चाकांवरचं वजन गुणिले पकडीचा गुणांक. कोरड्या, घट्ट मातीत हा गुणांक ०.५ धरू.

टू-व्हील ट्रॅक्टरमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. चढावर मागे दोन तृतीयांश वजन आलं असं धरलं तर ६०० किलो, त्याच्या निम्मे ३००. लागणार होते ४५०. ट्रॅक्टर जागेवरच चाकं फिरवत बसणार. फोर-व्हीलमध्ये सगळं ९०० किलो वजन कामाला येतं. त्याच्या निम्मे बरोबर ४५०. म्हणजे जेमतेम निघेल.

आता पाऊस पडू द्या. जांभ्यावर शेवाळ, वर ओला पाला. गुणांक ०.३ झाला तर फोर-व्हीलची पकडही २७० किलोवर येते. तेवढ्यात चढता येणारं एकूण वजन १०८० किलो. त्यातला ट्रॅक्टर ९००. ट्रॉलीसाठी उरले १८० किलो, तेही ट्रॉलीच्या स्वतःच्या वजनासकट! दोन चाकांची ट्रॉली आपलं थोडं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला टाकते, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र जरा बरं असतं. पण हिशेबाचा सांगावा तोच राहतो.

यातून दोन गोष्टी कळतात. चढ-उताराच्या जागेत फोर-व्हील ही चैन नाही. आणि त्याच वजनाचा पण पाच एचपी जास्तीचा ट्रॅक्टर घेतला तर या चढावर काहीही फरक पडत नाही, फक्त चाकं जास्त जोरात फिरतील.

उतार: खरा धोका इथे

चढताना पकड गेली तर ट्रॅक्टर थांबतो. उतरताना पकड गेली तर तो थांबत नाही.

वरचंच उदाहरण उलटं फिरवा. उतारावर ३६० किलोचं बळ खाली ढकलतंय, मातीचा विरोध ९० किलो वजा. उरलेलं २७० किलोचं बळ ब्रेक आणि इंजिनने रोखून धरायचं आहे. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात, म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरच्या चाकांवर. ओल्या जमिनीत फोर-व्हीलची पकड किती होती? बरोबर २७०. टू-व्हीलचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि उतरताना मागचं वजन हलकं होतं. मागे निम्मं वजन धरलं तरी पकड १३५ किलो. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत नेणार, आणि ट्रॅक्टर आडवा फिरला की पुढचं सांगायला नको.

म्हणून उतरताना फोर-व्हील चालू ठेवायचं, कारण त्यामुळे इंजिनची रोख पुढच्या चाकांपर्यंत पोचते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. मधे क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर अजिबात नाही. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून ठेवायची. आणि माल दोन खेपांत आणायचा.

अरुंद ट्रॅक्टरचा तिढा

आता माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग. ट्रॅक्टर बागेत शिरावा म्हणून अरुंद हवा. पण अरुंद झाला की तो सहज कलंडतो.

शाळेतल्या उदाहरणासारखं बघा. ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंमी उंच आहे आणि चाकांमधलं अंतर ८० सेंमी. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या बाहेर पडला की ट्रॅक्टर गेला. हा कोन येतो ३६ अंश. ऐकायला भरपूर वाटतो. पण त्याला गळती लागते.

पहिली गळती पुढच्या अॅक्सलमुळे. तो मधोमध एका खिळीवर डुलतो, म्हणून खाचखळग्यांत चारी चाकं टेकलेली राहतात. पण त्यामुळेच कलंडायला लागताना सुरुवातीला पुढची चाकं काही आधार देत नाहीत. आधार चौकोनी राहत नाही, त्रिकोणी होतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती खिळी. त्यामुळे ३६ अंशांतले बरेच अंश गळतात.

दुसरी गळती ओझ्यामुळे. ८०० किलोच्या ट्रॅक्टरवर २०० लिटरची फवारणीची टाकी एक मीटर उंचीवर बसवली, तर एकूण गुरुत्वमध्य ५५ वरून ६४ सेंमीवर जातो. ३६ चे ३२ अंश होतात. शिवाय अर्धी भरलेली टाकी हेलकावते ते वेगळंच. टाकी जेवढी खाली, तेवढं बरं.

तिसरी गळती आपल्या जमिनीची. समजा उतार फक्त १० अंशांचा आहे. वरच्या बाजूचं चाक १५ सेंमीच्या जांभ्याच्या दगडावर चढलं आणि त्याच क्षणी खालचं चाक १० सेंमी खोल आळ्यात उतरलं. ८० सेंमी रुंदीत २५ सेंमीचा फरक म्हणजे आणखी १७ अंश. दहाच्या उतारावर ट्रॅक्टर प्रत्यक्षात २७ अंशांना कललेला! उतार डोळ्यांना दिसतो, गवतात लपलेला दगड दिसत नाही.

उपाय काय? बागेत मावेल तेवढं चाकांमधलं अंतर वाढवायचं. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना चाकाची रिम उलटी बसवून हे करता येतं. ८० सेंमीचं १०० केलं तर ३६ चे ४२ अंश होतात. म्हणून घेताना 'सगळ्यात अरुंद किती' एवढंच विचारू नका, 'सगळ्यात रुंद किती करता येतो' हेही विचारा. आणि तीव्र उतारावर आडवं चालवणं टाळा. सरळ वर, सरळ खाली.

ओंडका ओढताना

रान असलं की तोडलेलं झाड ओढायची वेळ येतेच. इथे ट्रॅक्टर मागच्या मागे उलटू शकतो. साखळी टॉप लिंकला किंवा अॅक्सलपेक्षा उंच बांधली आणि ओंडका मुळीत अडकला, की चाकं जागेवर थांबतात आणि ट्रॅक्टरचं तोंडच वर उठतं. हे सगळं दीड सेकंदाच्या आत होतं. क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ संपलेली असते. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. आणि मागे जड अवजार असेल तर पुढे वजनं लावा. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही.

छत म्हणजे संरक्षण नव्हे

ट्रॅक्टर उलटलाच तर जीव वाचवतो तो सीटमागचा किंवा सीटपुढचा मजबूत रोल बार, आणि त्याच्यासोबत सीटबेल्ट. उन्हापावसासाठी बसवलेलं पत्र्याचं किंवा फायबरचं छत वेगळं. ते ट्रॅक्टरच्या वजनाखाली चेपून जातं.

रोल बारचा परिणाम किती, याचं उत्तम उदाहरण स्वीडन. तिथे १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट सक्तीची झाली. १९५७ मध्ये दर लाख ट्रॅक्टरमागे उलटून होणारे मृत्यू १७ होते, ते १९९० पर्यंत ०.३ वर आले.

बागेतली अडचण अशी की रोल बार फांद्यांत अडकतो, मग लोक तो काढूनच ठेवतात. त्यापेक्षा घडी होणारा बार असलेला ट्रॅक्टर घ्या. सपाटीवर फांद्यांखालून जाताना तेवढ्यापुरता दुमडा, बाहेर आलात की उभा करा. बार उभा असेल तेव्हा बेल्ट लावायचाच, दुमडलेला असेल तेव्हा लावायचा नाही. हा नियम उलटा करून चालत नाही. आणि उताराच्या भागात बार दुमडायची वेळ येत असेल, तर आधी फांद्या छाटा.

मग एचपी कुठे लागतो?

पीटीओवर चालणाऱ्या अवजारांना. गवत आणि झुडपं कापायच्या स्लॅशरसाठी रुंदीच्या दर फुटाला ५ एचपी हा जुना ठोकताळा आहे. चार फुटी स्लॅशरला २० एचपी, तेही पीटीओवर मिळणारे. पीटीओचा आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा कमी असतो, म्हणून तोच विचारा. रोटाव्हेटरबद्दल मात्र एक सावधगिरी: वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या उतारावर माती भुसभुशीत केली की ती व्हाळात जाते. बागेत गवत कापून तिथेच आच्छादन करणं जास्त शहाणपणाचं.

आकडे कुठे मिळतील?

मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात वजन, पुढच्या-मागच्या चाकांवरची त्याची वाटणी, चाकांमधल्या अंतराचे पर्याय, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची जागा आणि पीटीओची शक्ती दिलेली असते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा हा अहवाल मागा. अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करू नका. पण अनुदान ज्याला जास्त तो ट्रॅक्टर, असाही हिशेब नको.

थोडक्यात, विचारायचा क्रम असा: बागेत मावेल का? वळेल का? फोर-व्हील आहे का? वजन किती, गुरुत्वमध्य किती उंच? चाकं किती रुंद करता येतात? घडीचा रोल बार आणि बेल्ट आहे का? सर्व्हिस आणि सुटे भाग जवळ मिळतात का? आणि मग, माझ्या अवजाराला पुरतील एवढे पीटीओ एचपी आहेत का?

जागा फारच अरुंद आणि तीव्र असेल तर या यादीचं प्रामाणिक उत्तर 'ट्रॅक्टर नकोच' असंही येऊ शकतं. अशा जागी पॉवर टिलर, ब्रश कटर आणि दोन माणसं जास्त काम करतात. पॉवर टिलरचं स्थैर्य हा वेगळाच विषय आहे, त्यावर पुढच्या लेखात बोलू.