जुन्या मापाची खातरजमा

अहमदनगरचे धातुकामाशी असलेले नाते फार जुने आहे. वजनाला सुमारे ५५ टन भरणारी आणि आज विजापूरच्या बुरुजावर विसावलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ निजामशाहीच्या अमदानीत, १५४९ साली, रूमीखानाने याच नगरात ओतली. आणि २८ इंच व्यासाच्या तिच्या नळीत जाणारा गोळा सूतभर लहान निघाला, तरी तोफखान्याला त्याची फारशी क्षिती वाटली नसावी. परंतु १९७२ साली अवतरलेल्या आणि नगरच्या कायनेटिकचे नाव सर्वतोमुखी करणाऱ्या ५० सीसीच्या लूनाचा पिस्टन आपल्या सिलिंडरात जेवढ्या फटीत फिरतो, ती मिलिमीटरच्या शतांशांत मोजावी लागते. या एका शहराने पाहिलेली ही दोन टोके म्हणजे एका अर्थी यंत्रयुगाच्या प्रगतीचीच मोजणी होय.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत उमेदीची वर्षे घालवलेला टर्नर निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ बसवून जॉबची कामे घेऊ लागतो, किंवा एखादा हौशी तरुण छोटे इंजिन स्वतः घडवण्याच्या ध्यासाने यंत्रे जमवू लागतो, तेव्हा लेथपाठोपाठ मोजमापाच्या उपकरणांचा प्रश्न उभा राहतो. नव्या उत्तम मायक्रोमीटरची किंमत ऐकून त्याची पावले साहजिकच जुन्या मालाकडे वळतात: बंद पडलेल्या कारखान्यांचे लिलाव, भंगारवाल्याकडील तराजूवर विकला जाणारा माल, नाही तर पुण्याचा जुना बाजार. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून, म्हणजे १९५० पासून, या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यांची जी परंपरा रुजली, तिच्यामुळे गावोगावी यंत्रशाळाही आल्या. आणि देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झालेला असल्यामुळे जुन्या पिढीच्या पेट्यांतून इंची उपकरणे निघाली, तर नवल नाही. इंची मायक्रोमीटरच्या स्क्रूला इंचात ४० आटे असतात व थिंबलवर २५ रेघा, म्हणून त्याची एक रेघ इंचाचा हजारावा भाग, कारागिरांच्या बोलीत एक 'थाऊ', दाखवते. मेट्रिक मायक्रोमीटरचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा व रेघा ५०, म्हणून त्याची एक रेघ मिलिमीटरचा शतांश. पालमेर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८४८ साली पेटंट घेतलेली ही युक्ती मूलतः इतकी साधी आहे की तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. जे आहे ते झिजण्यासारखे आहे.

ग्राहकाची फसगत बहुधा या झिजेपाशीच होते. जुना मायक्रोमीटर हाती येताच सामान्य गिऱ्हाईक त्याची तोंडे मिटवून पाहते, शून्य जुळले की समाधान मानते आणि पैसे मोजते. परंतु शून्य हे छोट्या किल्लीने दोन मिनिटांत जुळवता येते, आणि विक्रेत्याने ते जुळवूनच ठेवलेले असते. जे उपकरण वर्षानुवर्षे एकाच मशीनवर, एकाच व्यासाचा दांडा मोजत राबले, त्याच्या स्क्रूची झीज त्या व्यासाच्या आसपास एकवटलेली असते. शून्यावर ते प्रामाणिक आणि १८ मिलिमीटरवर लबाड, अशी त्याची अवस्था होते. म्हणून स्पिंडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावा; मध्येच तो सैल किंवा जड लागला, तर त्या जागेची चौकशी करावी.

चौकशीसाठी खिशात एक साक्षीदार न्यावा. ६०८ क्रमांकाचे नवे, चांगल्या कंपनीचे बेअरिंग अल्प दरात मिळते. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर असतो आणि सामान्य दर्जातही तो फार तर ९ मायक्रॉनने कमी भरतो. पंचवीस ते पन्नासच्या मायक्रोमीटरसाठी छताच्या पंख्यातले ६२०२ न्यावे: व्यास ३५, सूट ११ मायक्रॉन. मात्र बेअरिंगच्या रुंदीवर भिस्त ठेवू नये. तेथे १२० मायक्रॉनपर्यंत सूट असते. याच व्यासावर तोंडांच्या मध्यभागी आणि चारी कडांना आळीपाळीने माप घ्यावे. वाचन बदलले तर तोंडे समांतर राहिलेली नाहीत असे समजावे.

ज्याला स्लिप गेज उपलब्ध असतील, त्याने प्रयोगशाळांचा शिरस्ता पाळावा. तेथे ५, १०, १५ अशा सोयीच्या आकड्यांवर न थांबता २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशा चमत्कारिक वाटणाऱ्या मापांवर तपासणी होते. पूर्ण मिलिमीटरांवर थिंबल दर वेळी त्याच कोनात उभी राहते, त्यामुळे एका फेऱ्याच्या आत आट्यात असलेला वाकडेपणा कायम लपून राहतो. या विषम मापांमुळे थिंबल दर वेळी निराळ्या कोनात थांबते आणि दोष उघड होतो.

व्हर्निअरचे जबडे मिटवून उजेडासमोर धरावेत. टोकाशी किंवा मध्ये प्रकाशाची फट दिसली तर आखणीची रेघ मारण्यासाठी त्याचा गैरवापर झाला असण्याचा संभव आहे. डायल गेजचा दांडा पुनःपुन्हा दाबून सोडावा आणि काटा दर वेळी त्याच रेघेवर परततो की नाही ते पाहावे. अडखळणाऱ्या डायलला तेल पाजणारा विक्रेता थोड्याच दिवसांत ती पुन्हा चिकटेल अशी व्यवस्था करत असतो. फ्रेमवरचा पातळ गंज क्षम्य. मोजणाऱ्या तोंडावरचा खड्डा अक्षम्य. नामांकित परदेशी छापाची नक्कल बाजारात होते, म्हणून छापापेक्षा रेघांची सुबकता आणि रॅचेटची समान टकटक यांवर विश्वास ठेवावा.

आणि हा सारा प्रपंच वैशाखात भर दुपारी रस्त्यावर करू नये. लांबीची प्रमाण मापे जगभर २० अंश सेल्सिअसला धरली जातात. नगरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला, की १०० मिलिमीटर पोलाद सुमारे २३ मायक्रॉनने वाढते आणि ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. पोलादी उपकरणाने पोलाद मोजताना दोन्ही सारखीच तापलेली असली तर हिशेब फिटतो, पण ॲल्युमिनियमचा पिस्टन मोजताना तो फिटत नाही. वस्तू आणि उपकरण रात्रभर सावलीत शेजारी ठेवून सकाळी मोजण्याची सवय हाच यावर उपाय.

व्ही-ब्लॉक, अँगल प्लेट, मॅग्नेटिक स्टँड, भक्कम बांध्याचे मायक्रोमीटर हा माल जुना घेण्यात शहाणपण आहे. स्लिप गेजच्या पेटीबाबत मात्र सावध राहावे. दोन तुकडे स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले असता ते घट्ट चिकटत नसतील, तर ते प्रमाण म्हणून वापरण्याच्या योग्यतेचे उरलेले नाहीत. एक तरी उपकरण एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेतून तपासून आणावे, आणि तो खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणाशी आपल्या शेडमधल्या मापाची वंशावळ जुळते ती त्या दाखल्यामुळेच. जुन्या मालकाच्या पेटीत सापडलेला मुदत टळलेला दाखला ही केवळ हकीकत होय.

निर्दोष उपकरण नव्यातही मिळत नाही. कारखान्यातून निघणाऱ्या मापालाही काही मायक्रॉनांची सूट दिलेलीच असते. दहावर दोन मायक्रॉन जास्त आणि वीसवर चार कमी दाखवणारा जुना मायक्रोमीटर, त्या चुका कागदावर नमूद करून पेटीत ठेवल्या की, बिनदिक्कत वापरता येतो, कारण वजाबाकी कोणालाही करता येते. न तपासलेले माप मात्र, मग ते कितीही किमती आणि चकचकीत असो, जॉब नापास होऊन परत येईपर्यंत आपली चूक सांगत नाही.